फलंदाजीत कच्चा, तरी संघाला हवा असलेला कॅचर

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. बेसबॉलमध्ये पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) टाकलेला चेंडू फलंदाजामागे बसून घेणारा खेळाडू म्हणजे कॅचर. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड गार्डियन्स क्लबचा कॅचर ऑस्टिन हेजेस याची २०२४ मधील फलंदाजीची सरासरी .१५२ होती, म्हणजे शंभर संधींत जेमतेम पंधरा हिट (चेंडू मारून बेस गाठणे). तरीही क्लबने ४० लाख डॉलर देऊन त्याला २०२५ साठी परत घेतले, हे तुम्हाला अनाकलनीय वाटते. तुमचा तेरा वर्षांचा मुलगाही कॅचर आहे, त्याचे हात चांगले आहेत पण बॅट चालत नाही, आणि त्याने ही जागा सोडावी का, हा तुमचा खरा घोर आहे. ‘क्रिकेटमध्ये असा यष्टिरक्षक आज कुठल्याच संघात टिकला नसता,’ असेही तुम्ही लिहिले आहे.

मी अमरावतीला शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळता खेळता कॅचर झालो आणि गेली एकोणीस वर्षे ओहायोत शाळकरी वयाच्या कॅचरना शिकवतो आहे. व्यावसायिक क्लबमध्ये मी काम केलेले नाही, त्यामुळे त्यांच्या बंद खोलीतल्या चर्चा मला ठाऊक नाहीत. मात्र मिटच्या (कॅचरच्या जाड हातमोज्याच्या) मागे बसून काय दिसते आणि काय करावे लागते, ते मला रोज पाहावे लागते, आणि त्या बळावर हे उत्तर लिहितो आहे.

‘इतका वाईट फलंदाज संघ सहन का करतो’ असा प्रश्न विचारला की उत्तर सापडत नाही. एका सामन्यात हा खेळाडू फलंदाज म्हणून किती वेळा खेळावर परिणाम करतो आणि कॅचर म्हणून किती वेळा, हे आधी मोजायला हवे. फलंदाजीला तो तीन किंवा चार वेळा येतो. त्याच सामन्यात त्याचे पिचर मिळून साधारण १४० ते १५० चेंडू टाकतात, प्रत्येक चेंडूची खूण त्याच्या हातून जाते आणि बॅट न लागलेला प्रत्येक चेंडू त्यालाच घ्यावा लागतो. क्रिकेटची तुलना इथेच तुटते. क्रिकेटमध्ये एकटा यष्टिरक्षक शतक ठोकून सामना फिरवू शकतो, म्हणून गिलख्रिस्ट आणि धोनीनंतर त्याच्याकडून धावांची अपेक्षा वाढली. बेसबॉलमध्ये सर्वोत्तम फलंदाजालाही चार-पाच संधींपलीकडे काही मिळत नाही. उलट क्रिकेटमध्ये फलंदाजाने सोडून दिलेला चेंडू यष्टिरक्षकाने कसा घेतला यावर पंचाचा निर्णय सहसा ठरत नाही. बेसबॉलमध्ये सोडलेल्या प्रत्येक चेंडूवर स्ट्राइक (योग्य सीमेतला) की बॉल (सीमेबाहेरचा) हा निवाडा होतो, तीन स्ट्राइकला फलंदाज बाद आणि चार बॉलला त्याला पहिला बेस फुकट, आणि तो देणारा अंपायर कॅचरच्या खांद्यावरून पाहत असतो.

या निवाड्याच्या सीमेवरचे चेंडू हे कॅचरचे पहिले कार्यक्षेत्र. प्लेट, म्हणजे फलंदाजाजवळची जमिनीतली पाटी, १७ इंच रुंद असते. गुडघ्याच्या उंचीवर उतरणारा सिंकर (शेवटी खाली झुकणारा वेगवान चेंडू) कल्पनेत आणा. कच्चा कॅचर त्याच्याकडे वरून हात नेतो, चेंडूच्या वेगाने मिट आणखी दोन इंच खाली दबते आणि मुळात स्ट्राइक असलेला चेंडू अंपायरला बॉल दिसतो. चांगल्या कॅचरची मिट चेंडू येण्याआधीच जमिनीजवळ गेलेली असते, अंगठा खाली वळलेला असतो, आणि खालून वर येता येता तो चेंडू घेतो, त्यामुळे चेंडूचा जोर मिटला खाली ढकलू शकत नाही. मनगट सैल आणि कोपर मोकळे लागते. हल्ली बहुतेक कॅचर एक गुडघा जमिनीला टेकवून बसतात, त्याचे मोठे कारण हेच आहे की त्या बैठकीत खालच्या चेंडूखाली हात जातो. याला फ्रेमिंग म्हणतात. अंपायरला फसवण्याची ही युक्ती आहे असे काहीजण मानतात, मला ते पटत नाही. माझ्या मुलांना मी आधी हेच सांगतो की आपल्या पिचरने कमावलेली स्ट्राइक आपल्या आळशी हातांनी घालवू नका.

याची किंमत किती, हे बराच काळ कोणाला नेमके सांगता येत नव्हते. चेंडूचा मार्ग टिपणारे कॅमेरे आल्यानंतर २०११ मध्ये माइक फास्ट या विश्लेषकाने त्या नोंदींवरून कॅचरनिहाय हिशेब मांडला आणि होसे मोलिना यादीच्या अगदी वर आला. मोलिना तेव्हा छत्तीस वर्षांचा, संथ आणि बेताचा फलंदाज होता. २०१२ च्या हंगामासाठी टॅम्पा बे रेजने त्याला घेतले आणि तीन वर्षे ठेवले; फास्टला ह्यूस्टन ॲस्ट्रोजने नोकरी दिली. आज प्रचलित असलेल्या हिशेबाप्रमाणे एक बॉल स्ट्राइकमध्ये बदलला तर सरासरी एक अष्टमांश धाव वाचते, म्हणजे ०.१२५. दर सामन्याला असा एक चेंडू जास्त मिळवणारा कॅचर शंभर सामन्यांत साडेबारा धावा वाचवतो. दहा धावांचा फरक म्हणजे साधारण एक विजय, असे या खेळात ढोबळ मानाने धरतात. मात्र अलीकडे सगळ्याच क्लबनी फ्रेमिंग शिकवायला घेतल्याने उत्तम आणि वाईट कॅचरमधले अंतर मोलिनाच्या काळाइतके उरलेले नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

आता ज्या कामाला मी स्वतः सर्वांत जास्त महत्त्व देतो, ते म्हणजे जमिनीवर आपटणारा चेंडू अडवणे, कारण तो मागे निसटला की बेसवरचे धावपटू पुढे सरकतात. काही वर्षांपूर्वी उन्हाळी स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात आमची बरोबरी होती. मी त्या दिवशी नेहमीच्या कॅचरला बसवून जास्त जोरात मारणाऱ्या मुलाला मिट दिली होती, आणि त्याने एक डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारूनही दाखवला होता. पण तिसऱ्या डावात दोन कर्व्ह (वळत खाली पडणारे चेंडू) त्याच्या पायांमधून मागे गेले होते. सहाव्या डावात प्रतिस्पर्ध्यांचा एक गडी बाद, तिसऱ्या बेसवर धावपटू (प्लेटवर परतून धाव करायला एकच टप्पा उरलेला), आणि फलंदाजावर दोन स्ट्राइक. आमच्या पिचरचा सर्वांत घातक चेंडू म्हणजे प्लेटसमोर जमिनीत घुसणारा कर्व्ह. मी बाकावरून त्याचीच खूण केली. पिचरने नकारार्थी मान हलवली. पुन्हा खूण गेली, त्याने पुन्हा मान हलवली आणि सरळ वेगवान चेंडू टाकला, तोही कमरेच्या उंचीवर. फलंदाजाने तो उंच मध्यभागी मारला, झेल घेतला गेला, पण झेलानंतर धावता येते, म्हणून तिसऱ्या बेसवरचा धावपटू आरामात घरी, म्हणजे प्लेटवर, पोहोचला. आम्ही त्या एका धावेने हरलो.

त्या सामन्याची गुणपत्रिका माझ्याकडे अजून आहे. धाव पिचरच्या खात्यात लागलेली आहे, श्रेय फलंदाजाला गेले आहे, आणि कॅचरच्या नावापुढे एक डबल आणि शून्य चुका आहेत. ज्या चेंडूने सामना वाचला असता तो टाकलाच गेला नाही, आणि न टाकलेल्या चेंडूसाठी कागदावर रकाना नसतो. मी घरी जाताना पिचरला विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला, ‘सर, तो मागे गेला असता.’ तेव्हापासून कॅचर निवडताना मी बॅटकडे नंतर बघतो.

चेंडू अडवण्यात मुलांना एकच गोष्ट अवघड जाते, ती म्हणजे चेंडू पकडण्याचा मोह सोडणे. दोन्ही गुडघे खाली, मिट पायांच्या मधल्या फटीत, हनुवटी छातीला टेकलेली, खांदे पुढे गोल झुकलेले. चेंडू छातीच्या पॅडवर घ्यायचा आणि आपल्यासमोर हातभर अंतरात मेल्यासारखा पाडायचा. मोठ्या लीगमधल्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतल्या) मोजणीत मागे जाऊ पाहणारा एक चेंडू अडवला की सुमारे पाव धाव वाचली असे धरतात. पिचरने निर्धास्तपणे टाकलेल्या पुढच्या दहा कर्व्हचा हिशेब त्या पाव धावेत येत नाही.

बेस चोरणाऱ्याला (पिचर चेंडू टाकत असताना पुढच्या बेसकडे धावणाऱ्याला) बाद करण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण प्रेक्षकांना कॅचरचे तेवढेच काम दिसते आणि त्यात निम्मा वाटा पिचरचा असतो. प्लेटपासून दुसरा बेस १२७ फुटांहून थोडा जास्त लांब आहे. मिटमध्ये चेंडू आल्यापासून तिकडे पोहोचेपर्यंत मोठ्या लीगमध्ये सरासरी दोन सेकंद लागतात. पिचरनेच हालचालीत वेळ घालवला तर तोफेसारखा हातही कामाचा नाही. २०२३ मध्ये बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले, पिचरने धावपटूला रोखण्यासाठी थांबण्यावर मर्यादा आली, आणि चोऱ्या आदल्या वर्षीच्या २,४८६ वरून ३,५०३ वर गेल्या. त्यामुळे चांगल्या हाताची किंमत पुन्हा थोडी वाढली आहे, इतकेच.

आता हेजेसकडे येऊ. २०२२ मध्ये त्याची सरासरी .१६३ होती, २०२३ मध्ये .१८४, २०२४ मध्ये .१५२ आणि २०२५ मध्ये .१६१. म्हणजे एखादा हंगाम वाईट गेला असे नव्हे, तो असाच फलंदाज आहे, आणि हे क्लबला माहीत होते. २०२४ मध्ये मोठ्या लीगमधले किमान वेतन ७ लाख ४० हजार डॉलर होते. म्हणजे तितक्याच कच्च्या बॅटचा नवखा कॅचर त्यांना एक पंचमांशाहून कमी पैशांत मिळाला असता, आणि क्लीव्हलँड काही पैसा उधळणारा क्लब नाही. जास्तीचे पैसे मिटसाठी, तयारीसाठी आणि तरुण पिचरांना सांभाळण्यासाठी मोजलेले आहेत, असा मी त्याचा अर्थ लावतो. प्रतिस्पर्धी फलंदाज कुठल्या चेंडूला फसतो याचा अभ्यास सामन्याआधी करणे, पिचरचा कर्व्ह आज बसत नाही हे पहिल्या दहा चेंडूंत ओळखून बेत बदलणे, घाबरलेल्या बावीस वर्षांच्या मुलाकडे योग्य क्षणी चालत जाणे, ही ती कामे. २०२३ च्या हंगामात मध्यावर टेक्सास रेंजर्सने त्याला पिट्सबर्गकडून घेतले, त्यांचा मुख्य कॅचर जोना हाइम जायबंदी झाला होता म्हणून, आणि त्या वर्षी टेक्सासने वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकली.

पण हे सगळे परिस्थितीवर अवलंबून असते, आणि इथे मला तुमची बाजूही मांडली पाहिजे. असा कॅचर रोज खेळवला तर बॅटचे नुकसान मिटच्या कमाईला गिळून टाकू शकते. म्हणून हेजेस २०२४ मध्ये दुसरा कॅचर होता. बहुतेक सामने बो नेलर खेळला. शिवाय नॅशनल लीगमध्ये (मोठ्या लीगच्या दोन भागांपैकी एकात) २०२१ पर्यंत पिचरही फलंदाजीला येत, आणि कच्चा कॅचर आठवा व पिचर नववा आला की क्रमात लागोपाठ दोन खड्डे पडत. २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये पिचरऐवजी वेगळा फलंदाज येतो, त्यामुळे एक खड्डा सोसणे सोपे झाले.

बचावावरच्या विश्वासाचा अतिरेक झाला की काय होते, याचे उदाहरण लॉस एंजेलिस एंजल्सचे आहे. त्यांच्याकडे जेफ मॅथिस आणि माइक नापोली असे दोन कॅचर होते. व्यवस्थापक माइक सोशिया स्वतः डॉजर्सचा नावाजलेला कॅचर, आणि त्याचा कल मॅथिसच्या मिटकडे होता. जानेवारी २०११ मध्ये एंजल्सने नापोलीला टोरांटोकडे देऊन टाकले, तिथून काही दिवसांतच तो त्यांच्याच विभागातल्या टेक्सासकडे गेला. त्या हंगामात नापोलीने .३२० च्या सरासरीने ३० होमर (चेंडू कुंपणाबाहेर घालवणारे फटके) मारले, मॅथिसची सरासरी .१७४ राहिली, विभाग टेक्सासने जिंकला आणि एंजल्स बादफेरीबाहेर राहिले. मॅथिसची कारकीर्दीची सरासरी .१९४ होती आणि तरी तो सतरा हंगाम खेळला, म्हणजे त्याच्या मिटला मोल होतेच. फक्त ते नापोलीच्या बॅटइतके नव्हते. घरातच तीस होमर मारणारा कॅचर असेल आणि तो मिटमागे अगदीच वाईट नसेल, तर मीही त्यालाच खेळवीन.

नेमकी उलटी बाजू पिट्सबर्गमध्ये दिसली. २०१२ मध्ये त्यांचा कॅचर रॉड बराहास याने चोरीच्या ९९ प्रयत्नांपैकी फक्त ६ धावपटू बाद केले. हंगाम संपल्यावर क्लबने रसेल मार्टिनला दोन वर्षांसाठी १ कोटी ७० लाख डॉलर दिले. त्याची सरासरी आदल्या वर्षी .२११ होती, त्यामुळे पुष्कळांना हा पैसा वाया गेल्यासारखा वाटला. सलग वीस हंगाम विजयांपेक्षा जास्त पराभव पाहिलेल्या त्या संघाने २०१३ मध्ये ९४ सामने जिंकले. सगळे श्रेय मार्टिनचे असे मी म्हणणार नाही, पिचरही चांगले आले होते; पण गुडघ्याखाली सिंकर टाकणाऱ्या त्या पिचरांना चेंडू खालून उचलून घेणारा माणूस मिळाला, आणि हे दोन्ही एकत्र आल्यावरच संघ उभा राहिला. माझ्या मते बचावाच्या कॅचरचे मोल असेच ठरते: त्याच्या संघातले पिचर कसे आहेत, ते किती खाली आणि किती वळवून टाकतात, यावर.

पुढच्या काळाबद्दलही तुम्हाला सावध करतो. २०२६ च्या हंगामापासून मोठ्या लीगमध्ये अंपायरच्या स्ट्राइक-बॉलच्या निर्णयाला आव्हान देता येते. प्रत्येक संघाला सुरुवातीला दोन आव्हाने. बरोबर ठरले तर शिल्लक राहते, चुकले तर जाते. ते फक्त फलंदाज, पिचर आणि कॅचर यांनाच, तेही डोक्याला हात लावून लगेच, मागता येते. फ्रेमिंगची कमाई यामुळे थोडी घटेल हे उघड आहे. पण आव्हाने मोजकी असल्याने बहुतेक चेंडू अंपायरच्याच नजरेवर राहतील. शिवाय २०२५ च्या वसंतातल्या सराव सामन्यांत हे तंत्र वापरले गेले तेव्हा कॅचरनी मागितलेली आव्हाने पिचरांच्या आव्हानांपेक्षा अधिक वेळा बरोबर ठरली. ज्याला सीमा नीट दिसते त्याला नवे काम मिळाले, असे मी याकडे पाहतो. चेंडू अडवणे आणि पिचरला सांभाळणे यांना तर या नियमाचा स्पर्शही होत नाही.

आता तुमच्या मुलाबद्दल. हेजेसचे उदाहरण त्याच्यापुढे ध्येय म्हणून ठेवू नका, कारण इतक्या कमी सरासरीवर टिकणारे कॅचर एका पिढीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात, आणि शाळेत ते बहुधा आपापल्या संघाचे चांगले फलंदाजही असतात. पण तेराव्या वर्षी बॅट चालत नाही म्हणून चांगले हात असलेल्या मुलाला तिथून उठवणेही मला चुकीचे वाटते. या वयात फलंदाजी ताकदीबरोबर येते, आणि ताकद दोन-तीन वर्षांत येईल. कॅचरला एक फायदा असाही आहे की तो रोज शंभर चेंडू सीमेवरून जाताना पाहतो. फलंदाजीला उभे राहिल्यावर बाहेरचा चेंडू सोडायला तो इतरांपेक्षा लवकर शिकतो. त्याला आता होमरचा हट्ट धरू देऊ नका. वाईट चेंडू सोडून चालत पहिल्या बेसवर जाणे आणि नीट बंट करणे (बॅट आडवी धरून चेंडू हळूच जमिनीवर पाडणे), एवढे त्याच्याकडून या वर्षी पुरे.

घरी करता येईल असा सराव सांगतो. गॅरेजमध्ये त्याला एका गुडघ्यावर बसवा, मिट काढून ठेवा, तोंडावर मास्क राहू द्या, आणि पंधरा फुटांवरून टेनिसचे चेंडू त्याच्या गुडघ्याच्या उंचीवर हळू टाका. प्रत्येक चेंडू त्याने उघड्या हाताने खालून वर येत घ्यायचा, आणि घेतल्यावर हात तिथेच एक क्षण थांबवायचा. वीस-पंचवीस चेंडू, आठवड्यातून चार दिवस. हात चेंडूच्या आधी खाली पोहोचतो का, एवढेच तुम्ही बघा. अडवण्याच्या सरावाला मऊ चेंडू वापरा, आणि एका दिवशी पंधराच्या वर नको, गुडघे वाढत्या वयाचे आहेत.

तो या जागेवर राहावा का, हे ठरवायला माझ्याकडे एक कसोटी आहे आणि ती मी दर वसंतात वापरतो. त्याच्या संघातल्या दोन-तीन पिचरांना वेगवेगळे गाठून विचारा की तिसऱ्या बेसवर धावपटू असताना कर्व्ह टाकायचा असेल तर मिटमागे कोण हवे. त्यांनी तुमच्या मुलाचे नाव घेतले तर या वर्षी तरी त्याला तिथून हलवू नका, आणि त्याच्या प्रशिक्षकांनाही त्या मुलांचे उत्तर सांगा.